अंजली गुरू संजना जान

2020 चा डिसेंबर सरत आला होता आणि जळगाव जिल्ह्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकांना जोर चढला होता. अशा दिवसांत तहसील कचेरीच्या आवारात काय चालतं, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी, जातपडताळणीच्या पोचपावत्या, शौचालयाचा दाखला, घरपट्टीची बाकी नसल्याचा दाखला, आणि एवढं करूनही छाननीच्या दिवशी पोटात गोळा. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकहून एका उमेदवाराने महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला आणि छाननीत तो बाद झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या लेखी हिशेब सरळ होता: उमेदवार तृतीयपंथी, जागा बाईची, अर्ज चालणार नाही.

उमेदवाराने मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ गाठलं. 2 जानेवारी 2021 रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निर्णय फिरवला. स्वतःला स्त्री म्हणून ओळखण्याचा हक्क या व्यक्तीला आहे आणि म्हणून महिला राखीव जागेवर तिला लढता येईल, असं त्यांनी सांगितलं. त्याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालाचा आणि 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्याचा. मात्र एक अटही जोडली गेली: आज स्त्री म्हणून आरक्षणाचा लाभ घेतलात, तर उद्या सोयीसाठी पुरुष व्हायचं नाही, जन्मभर नाही. ही हमी उमेदवाराने दिली. 15 जानेवारीला मतदान झालं, 18 ला मोजणी, आणि 560 मतं मिळवून ती निवडून आली.

बातम्यांमध्ये नाव आलं ते अंजली पाटील. खटल्याच्या कागदावर मात्र ‘अंजली गुरू संजना जान’ असं आहे. खानदेशात पाटील म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणते पाटील? लेवा, मराठा, गुजर, की नुसती पाटीलकी? म्हणजे गावातलं नाव जातीच्या दारात नेऊन सोडतं. कोर्टातल्या नावात बापाच्या किंवा नवऱ्याच्या जागी गुरू आहे, आणि शेवटी ‘जान’ आहे. एकाच बाईच्या या दोन नावांत गाव, जात, घराणं, गुरू, धर्माची सरमिसळ आणि लिंगओळख एवढ्या गोष्टी एकत्र नांदतात. शासनाचे रकाने मात्र या गोष्टी एकेकट्या विचारतात.

सार्वजनिक चर्चेतही तेच होतं. धर्मावरचे वाद एका बाजूला, आरक्षणाचे दुसऱ्या, आणि लैंगिकतेचा विषय निघाला की तो ‘शहरातल्या लोकांचा’ म्हणून तिसरीकडे ढकलायचा. 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या सुनावणीत केंद्र सरकारने अशी मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचं मत असल्याचं म्हटलं होतं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात ते खोडून काढलं. भादलीच्या प्रभागातली 560 मतं त्याआधी दोन वर्षं पडली होती. ती कोणत्या उच्चभ्रूंची म्हणायची?

अशी मतं कशी पडतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. गावाने समानतेचा जाहीरनामा वाचून मतं दिली असं कोणी समजू नये. खानदेशातल्या गावाला माणूस समजतो तो त्याच्या नात्यागोत्यावरून. वेशीवर अनोळखी पोरगा दिसला की म्हातारी आधी विचारते, ‘कोना पोऱ्या शे?’ उत्तर मिळालं की ती निर्धास्त होते, मग पोरगा कसाही असो. कायद्याची नजर उलटी आहे. तो माणसाला एकटा उभा करून त्याची ओळख विचारतो. तृतीयपंथी माणसाची बरीचशी फरफट या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत होते, आणि त्या जागेतच धर्म, जात-जमात आणि लैंगिकता एकमेकींत अडकतात.

‘कोणाची?’ या प्रश्नाला हिजडा समाजाने फार पूर्वी स्वतःचं उत्तर शोधलं. रक्ताचं घर सुटलं की गुरूचं घर मिळतं. गुरू-चेला, चेल्याचा चेला म्हणजे नातीचेला, आणि वर घराणं. मुंबईतली लष्करवाला, भेंडीबाजारवाला, पूनावाला ही घराण्यांची नावं अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहेत. कोणी कुठल्या भागात बधाई मागायची, कोणी कोणाची चेली पळवली तर दंड किती, हे सगळं घराण्यांच्या पंचायतीत ठरतं. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. खानदेशी वाचकाला वाटू नये. लेवा पाटीदारांची पाडळसे इथली भोरगाव लेवा पंचायत विवाहाचे तंटे आजही मिटवते हे त्याला ठाऊक आहे. कचेरीआधी पंचायत ही इथली जुनी सवय आहे.

धर्माच्या बाबतीत मात्र ही घराणी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. कुलदेवता बहुचरा माता, जिचं ठाणं गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात बेचराजीला आहे. आणि चालीरीतींवर मुसलमानी छाप इतकी गडद की हैदराबादच्या हिजड्यांवर अभ्यास करणाऱ्या गायत्री रेड्डी यांना, जन्माने हिंदू असलेल्या कित्येकींनी आपण आता मुसलमान आहोत असं सांगितलं. त्यांचं पुस्तक 2005 चं. त्याआधी 1990 मध्ये सेरेना नंदा यांनीही हीच गुंतागुंत लिहून ठेवली होती. देवी हिंदू, सलाम मुसलमानी, आणि यात विसंगती आहे असं त्या घरात कोणालाच वाटत नाही.

कल्याणजवळच्या हाजी मलंगच्या डोंगरावर माघी पौर्णिमेच्या सुमाराला उरूस भरतो, तेव्हा राज्यभरातून तृतीयपंथी तिथे येतात. या दर्ग्याची वहिवाट पिढ्यानपिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे. हे ठिकाण मुळात नाथपंथी समाधी की सुफी दर्गा, यावरून 1980 च्या दशकापासून आंदोलनं चालली आहेत, आणि जानेवारी 2024 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही ‘मलंगमुक्ती’चा विषय पुन्हा काढला. वादाच्या दोन्ही बाजूंना जागेचा मालक एकच धर्म हवा आहे. उरुसात नवस फेडायला येणाऱ्या तृतीयपंथी या वादात कुठेच मोजल्या जात नाहीत. डोंगर हिंदू ठरला काय आणि मुसलमान ठरला काय, ज्यांच्या श्रद्धेला दोन्ही बाजू लागतात त्यांचं निम्मं सामान बाहेरच राहणार.

मालमत्तेचा प्रश्न आला की ही सरमिसळ कोर्टाला सोडवावी लागते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात 1990 च्या सुमारास एक अपील निघालं. मुनीलाल नावाचा हिजडा वारला. त्याने मृत्युपत्राने घर दिलं इलियास नावाच्या, समाजाबाहेरच्या माणसाला. दावा सांगितला गुरूने, जिचं नाव कागदावर ‘बादशाह ऊर्फ कमला’. हिंदू वारसा कायदा लावायचा की मुस्लिम? न्यायालयाने दोन्ही बाजूला ठेवून समाजाची रूढी मानली: हिजड्याची मालमत्ता समाजाबाहेर जात नाही, गुरू हाच वारस. मुनीलाल, इलियास, बादशाह, कमला. वाचणाऱ्याने नावांवरून धर्म ओळखायचा प्रयत्न करून पाहावा. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयानेही 2016 मध्ये अशाच एका प्रकरणात गुरूचा वारसा मान्य केला. आणि मग आला 2019 चा कायदा. तृतीयपंथीयांच्या संरक्षणासाठी केलेल्या या कायद्यात कुटुंबाची व्याख्या आहे रक्ताची, लग्नाची किंवा कायदेशीर दत्तकाची. गुरू-चेला त्यात नाहीत. घरच्यांपासून तोडू नये अशी तरतूद कायदा करतो, ती ज्या घरातून बहुतेकींना निघावं लागलं त्या घराबद्दल.

माणसांना अशा रकान्यांत बसवण्याचा उद्योग खानदेशात कुठे सुरू झाला हे पाहायचं तर भादलीहून धरणगावला यावं. सुरत-भुसावळ मार्गाची गाडी दोन्ही गावांवरून जाते. मराठी वाचकाच्या मनात ही दोन गावं वेगळ्याच कारणाने जोडलेली आहेत: बालकवी ठोमरे 1890 मध्ये धरणगावात जन्मले आणि मे 1918 मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. पण धरणगावचं नाव इंग्रजी दफ्तरात आहे ते भिल्ल पलटणीमुळे.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्लांचे नाईक कोणाचं ऐकत नव्हते. सैन्य पाठवून, नाईकांना पकडून काही साधलं नाही. मग 1825 मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने धरणगावला तळ ठोकून भिल्लांचीच पलटण उभी करायला घेतली. तो त्यांच्यासोबत शिकारीला जाई, त्यांच्यात उठे-बसे, आणि बघता बघता काल ज्यांना लुटारू म्हटलं ते सरकारी शिपाई झाले. आउट्रमच्या शौर्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. इथे महत्त्वाचं वेगळं. या धोरणात माणूस एकेकटा मोजला जात नव्हता. अमुक जमात लढाऊ, अमुक चोर, अमुक विश्वासू, अशी ठोकळ्याने वाटणी होत होती. शाबासकीही जमातीला आणि शिक्षाही जमातीला.

याच विचाराचं टोक म्हणजे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याचा पहिला भाग आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतो, कारण पारधी, कंजारभाट अशा कित्येक जमातींच्या कपाळी त्याचा शिक्का पुढे बसला. दुसरा भाग सहसा कोणी वाचत नाही. तो हिजड्यांविषयी होता. त्यांची नोंदवही ठेवायची, बायकी कपडे घालून रस्त्यावर आलं किंवा नाच केला तर अटक, घरात लहान मूल सापडलं तर शिक्षा. हा दुसरा भाग मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, खानदेशात नव्हे, आणि 1911 च्या नव्या कायद्यातून तो गळला. पहिला भाग मात्र त्याच 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात येऊन ठेपला. एकाच कायद्याच्या दोन कप्प्यांत भटक्या जमाती आणि हिजडे बसवले गेले ते का? दोघांनाही ठरलेलं गाव नाही, ठरलेलं घर नाही, आणि करवसुलीच्या वहीत बसेल असं कुटुंब नाही. जात-जमातीचा आणि लैंगिकतेचा संबंध विद्यापीठातल्या परिसंवादांनी जोडला असं ज्यांना वाटतं त्यांनी हा कायदा काढून पाहावा.

त्याआधी आपल्याकडे काय होतं? फार सुखाचं होतं असं म्हणायचं कारण नाही, पण त्यांना जागा होती. मराठेशाहीत हिजड्यांना सनदा मिळत. काहींना जमिनी होत्या, ठरावीक गावांतून भिक्षा मागण्याचा वंशपरंपरेने, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे, चालत येणारा हक्क होता. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी 1987 मध्ये मुंबई सरकारच्या दफ्तरातून हे बाहेर काढलं. बलुत्यासारखाच हा एक वतनी हक्क, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंपनी सरकारने तो मान्य करणं थांबवलं. हक्क गेला, भिक्षा राहिली. भुसावळ जंक्शनवरून सुटणाऱ्या गाड्यांत आज टाळी वाजते, तिच्यामागे हा बुडालेला हक्कही आहे.

विसाव्या शतकात हा विषय मराठी छापखान्यात आला आणि लगेच कोर्टात गेला. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. 1931 मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांच्यावर पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड. 1934 मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, या खेपेला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. प्रश्न होते हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयी. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर.

हे नीट डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 पासून चालू होता, पुणे करार होऊन दोन वर्षं व्हायची होती, येवल्याची धर्मांतराची घोषणा पुढच्याच वर्षी व्हायची होती. एवढ्या धबडग्यात हा नेता एका चित्पावन नास्तिकाच्या मासिकासाठी कोर्टात लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांचा हवाला देत होता. त्यांचं म्हणणं असं की लोक प्रश्न विचारतात तर उत्तर मिळालंच पाहिजे, आणि लैंगिक विषयावरचं सगळं लेखन अश्लील ठरवता येत नाही. खटला ते हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण जातीच्या शुद्धतेचं राखण आणि शरीरसंबंधांवरचा पहारा हे एकाच घरातले दोन रखवालदार आहेत, हे आंबेडकरांनी 1916 च्या आपल्या जातिसंस्थेवरील निबंधातच मांडलं होतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या चाली जात टिकवण्यासाठी कशा उपयोगी पडतात, हे त्यात आहे. तेव्हा 1934 ची वकिली वाट चुकून झालेली नव्हती.

पुढची मोठी ठिणगी डिसेंबर 1998 मध्ये पडली. दीपा मेहता यांचा ‘फायर’ चित्रपट मुंबईच्या चित्रपटगृहांत लागला आणि शिवसैनिकांनी मोडतोड केली. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजपचं सरकार होतं. चित्रपटात दोन जावांचं प्रेम आहे आणि त्यांची नावं राधा आणि सीता. (हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली होती, तरी राग ओसरला नाही.) बाळासाहेब ठाकरे यांनी पात्रांची नावं मुसलमानी केली तर आपली हरकत नाही, असं म्हटल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. हे वाक्य बाजूला ठेवून ‘फायर’चा वाद समजत नाही. दोन बायकांनी एकमेकींवर प्रेम करणं हा मुद्दा मागे पडला होता. त्या बायका ‘कोणाच्या’ हाच प्रश्न उरला होता. खानदेशातल्या म्हातारीचा प्रश्न इथे दंगलीच्या भाषेत आला, एवढाच फरक. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि एकही काप न लागता परत आला.

दुसऱ्या धर्मांनी यात फार उजेड पाडला असं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये 377 व्या कलमातून सज्ञानांचे खासगी समलिंगी संबंध वगळले, तेव्हा त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती, आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा नावाचा पक्षही होता. एरवी जे एका मांडवात बसले नसते ते इथे एका रांगेत बसले. 2013 मध्ये ते जिंकले, 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी तो निकाल उलटवला. सर्वधर्मसमभावाची उदाहरणं शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवायला हरकत नाही.

तृतीयपंथी समाजही या प्रश्नांवर एकमताचा नाही आणि असावा तरी का? ठाण्यात ब्राह्मण घरात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी 2015 मध्ये किन्नर आखाडा काढला. 2016 च्या उज्जैन सिंहस्थात आखाड्याची मिरवणूक निघाली, 2019 च्या प्रयागराज कुंभात तो जुना आखाड्यासोबत स्नानाला उतरला. शतकानुशतकं ज्यांना पायरीवर ठेवलं त्यांना महामंडलेश्वराचं आसन मिळालं, हे काही थोडं नाही. पण 2018 च्या नोव्हेंबरात लक्ष्मी यांनी अयोध्येत राममंदिराच्या बाजूने विधान केलं तेव्हा देशभरातल्या कितीतरी तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी निषेधाचं पत्रक काढलं. आमची परंपरा हिंदू-मुसलमान दोन्ही आहे, तिला एकाच रंगात रंगवू नका, आणि आमच्यातल्या दलित-बहुजनांना विसरू नका, असा त्याचा रोख होता. महाराष्ट्रात याच धाग्याचं दुसरं टोक दिशा पिंकी शेख या कवयित्रीकडे आहे. त्यांच्या नावातही गुरूचं नाव आहे, कवितासंग्रहाचं नाव ‘कुरूप’, आणि 2019 मध्ये प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिलं. एक वाट आखाड्यातून जाते, दुसरी आंबेडकरी चळवळीतून. दोघींचा समाज एकच, पण वाद जातीवरून आणि धर्मावरूनच.

लग्नाच्या बाबतीत तर समलिंगी आणि विषमलिंगी हा भेदही अपुरा पडतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे, आणि ती आंतरधर्मीय जोडप्यांच्या जिवावर उठते हे वकिलांना पाठ आहे. 13 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड होताच दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. आणि एप्रिल 2025 मध्ये जळगाव जिल्ह्यात चोपड्याला हळदीच्या कार्यक्रमात एका निवृत्त सीआरपीएफ अधिकाऱ्याने प्रेमविवाह केलेल्या स्वतःच्या मुलीवर आणि जावयावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुलगी गेली. जोडपं स्त्री-पुरुषाचंच होतं.

चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात आणखी एक समाज राहतो जो शासनाच्या रकान्यांची परीक्षा पाहतो: तडवी भिल्ल. धर्माने मुसलमान, जमातीने आदिवासी. 1880 च्या खानदेश गॅझेटियरने त्यांचं धर्मांतर औरंगजेबाच्या काळापर्यंत मागे नेलं आहे. संविधानाच्या व्यवस्थेत एक मोठा फरक आहे, तो पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसतो. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे. 1950 च्या आदेशाने तो फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, मुसलमान आणि ख्रिश्चनांना नाही. अनुसूचित जमातीला अशी अट नाही. म्हणून तडवी भिल्ल नमाज पढतात आणि आदिवासीही राहतात. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि तिघी वरिष्ठ डॉक्टरांवर अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा मुसलमान नाव असलेली मुलगी आदिवासी कशी, असं विचारणारे लोक निघालेच.

आता या व्यवस्थेत तृतीयपंथी माणूस बसवून पाहा. ‘नालसा’ निकालाने त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग माना असं सांगितलं. व्यवहारात याचा अर्थ ओबीसीत घाला असा होऊ लागला. 2011 च्या जनगणनेत देशभर 4,87,803 जणांची नोंद ‘इतर’ लिंगात झाली, महाराष्ट्रात 40,891. देशातल्या त्या आकड्यात अनुसूचित जातीचे 78,811 आणि जमातीचे 33,293 होते, म्हणजे दर चारांत जवळपास एक. समजा रावेर तालुक्यातली एक तडवी मुलगी, जन्माच्या दाखल्यावर मुलगा. तिने तृतीयपंथी म्हणून ओबीसीचा लाभ घ्यायचा तर आदिवासीपण सोडायचं का? किंवा चोपड्याची एक बौद्ध मुलगी घराण्यात गेली, गुरूच्या रीतीने रोजे धरू लागली. उद्या कोणी तक्रार केली तर तिचा अनुसूचित जातीचा दाखला टिकेल का? तहसीलदाराच्या टेबलावर हे प्रश्न आले तर त्याने कोणता शासन निर्णय उघडायचा?

यावर तोडगा आहे, आणि तो महाराष्ट्राला अनोळखी नाही. महिलांना, माजी सैनिकांना, प्रकल्पग्रस्तांना आपण समांतर आरक्षण देतो. प्रत्येक प्रवर्गाच्या आत त्यांची वेगळी जागा असते. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना असंच एक टक्का दिलं. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ही मागणी आली, तेव्हा आधीच्या आरक्षणावर आणखी भर घालणं फार अवघड असल्याची भूमिका महाराष्ट्र सरकारने मांडली. समांतर आरक्षणाने एकूण टक्केवारी वाढत नाही, हे सरकारी वकिलांना माहीत नसेल असं मानणं कठीण आहे. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय यावा म्हणून 2022 मध्ये आधी प्रशासकीय न्यायाधिकरणाला आणि मग उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले, त्यावरून बाकीच्या वेगाचा अंदाज येतो.

राजकीय पक्ष त्या मानाने हिशेबी असतात. फैजपूरच्या शमिभा पाटील या तृतीयपंथी हक्कांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या. भादलीच्या अर्जाची लढाई चालली तेव्हा त्या अंजली यांच्यासोबत होत्या. 21 सप्टेंबर 2024 रोजी वंचित बहुजन आघाडीने विधानसभेच्या अकरा उमेदवारांची पहिली यादी काढली, त्यात रावेरमधून त्यांचं नाव होतं. यादीत उमेदवाराच्या नावापुढे त्याचा समाज छापला होता: कुठे बौद्ध, कुठे धिवर, कुठे लिंगायत, कुठे मुस्लिम, कुठे पारधी. शमिभा यांच्या नावापुढे होतं ‘लेवा पाटील’. बातम्यांचे मथळे सगळे तृतीयपंथी उमेदवाराचे, आणि पक्षाच्या कागदावर जात. रावेर मतदारसंघात लेवा, तडवी, बौद्ध, मुस्लिम असे सगळेच मतदार आहेत हे ती यादी करणाऱ्याला चांगलं ठाऊक असणार. त्या निवडून आल्या नाहीत.

एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घ्यायचं ठरवलं. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत सगळ्या जाती मोजण्याची ही पहिली वेळ. म्हणजे प्रगणक दारात येईल तेव्हा लिंग, धर्म आणि जात, तिन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारेल. जळगाव-भुसावळकडच्या एखाद्या डेऱ्यावर चार-पाच चेल्या गुरूसोबत राहत असतील, तर कुटुंबप्रमुख म्हणून गुरूचं नाव लागेल आणि पुढचा रकाना येईल कुटुंबप्रमुखाशी नातं. त्यात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, भाऊ अशी नाती ठरलेली आहेत, चेला नाही. 2019 च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे प्रगणकाने ‘नातं नाही’ असं लिहायचं, की मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मानलेल्या रूढीप्रमाणे वारस?